‘सोबतचे पत्रक पहा’ : माहितीपत्रकातला दुवा कुठे ठेवायचा?

(यवतमाळ इथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

आमच्या हातात हा जो कागद आहे तो मागच्या रांगेतल्यांना दिसणार नाही, आणि पुढच्या रांगेतल्यांना दिसला तरी वाचता येणार नाही. कीटकनाशकाच्या बाटलीबरोबर खोक्यात येणारं हे घडीचं पत्रक. उलगडलं की हातभर होतं. एकाच कागदावर अनेक भाषा, आणि मराठीच्या वाट्याला बोटभर रुंदीची पट्टी. घाटंजीकडच्या एका शेतकऱ्याला आम्ही हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “हे वाचाले तं भिंगच लागते भाऊ.” बाटलीवर मात्र सूचना असते : वापरण्यापूर्वी सोबतचे पत्रक वाचा.

आजचा विषय ही एक ओळ आहे. आम्ही दोघं-तिघं मिळून शेतीविषयीची माहितीपत्रकं मराठीत लिहितो, काही कागदावर छापली जातात, काही संकेतस्थळांवर जातात, आणि बहुतेक सगळी शेवटी व्हॉट्सॲपवर फिरतात. लिहिताना आम्हाला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे दुवे, म्हणजे लिंका. लिंक म्हटलं की निळं, अधोरेखित काहीतरी डोळ्यांसमोर येतं. पण ‘सोबतचे पत्रक वाचा’ हाही दुवाच. ‘तक्ता ३ पहा’, ‘परिशिष्टात दिल्याप्रमाणे’, ‘अधिक माहितीसाठी कृषी सहायकाशी संपर्क साधावा’, हे सगळे दुवे. प्रत्येक दुवा वाचकाला तीन कामं सांगतो : इथे थांब, तिकडे जा, बघून परत ये. लिहिणाऱ्याला फक्त मधलं काम दिसतं. वाचकाला तिन्ही करावी लागतात, आणि ‘परत ये’ हे काम तर बऱ्याचदा होतच नाही.

हे नुसत्या सोयीचं प्रकरण नाही हे यवतमाळात वेगळं सांगायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं. त्या वर्षी कपाशी अंगापेक्षा उंच वाढली होती, हवा दमट आणि कोंदट होती, संरक्षक साहित्य जवळपास कुणाकडेच नव्हतं, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. कारणं अशी अनेक आहेत. ‘पत्रक वाचलं असतं तर वाचले असते’ असं आम्ही अजिबात म्हणणार नाही, ते मेलेल्यांवर दोष ढकलणं होईल. आमचा प्रश्न लिहिणाऱ्याच्या बाजूचा आहे. पाठीवर पंप आहे, हात ओले आहेत, बाटली बांधावर आहे आणि पत्रक घरी, नाहीतर कृषी केंद्राच्या कचऱ्यात. अशा माणसाला आपण काय लिहून दिलं होतं, आणि ते कुठे ठेवलं होतं?

कायद्याने काय कुठे ठेवलंय ते आधी पाहू. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याखालचे नियम १९७१ चे. नियमांनी कामं वाटून दिली आहेत. लेबलावर औषधाचं नाव, घटक, बॅच क्रमांक, मुदत, उताऱ्याची ओळ आणि तो कोनावर उभा केलेला चौकोन. आतल्या पत्रकात कोणत्या पिकावर कोणत्या किडीसाठी कसं मारायचं, विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार, रिकाम्या डब्याचं काय करायचं, वगैरे.

या सगळ्यात तो चौकोन आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो. खालच्या त्रिकोणात रंग : लाल, पिवळा, निळा, हिरवा, असा उतरत्या विषारीपणाने. वरच्या भागात धोक्याचा शब्द, आणि लाल असेल तर कवटी. त्यासाठी कुठे जायला लागत नाही, काही उलगडायला लागत नाही. अर्थात हिरव्याचा अर्थ ‘निर्धोक’ असा घेतला जातो आणि तो चुकीचा आहे. हिरवा म्हणजे इतरांपेक्षा कमी विषारी, एवढंच.

उलट टोकाला मात्रेचा तक्ता. पत्रकातल्या तक्त्यात माप हेक्टरी असतं : हेक्टरी इतकं औषध, इतकं पाणी. शेतात हेक्टर कुणी बोलत नाही. शेतात एकर आणि पंप. समजा, कुठल्याही औषधाचं नाही, नुसतं हिशोबापुरतं, तक्त्यात हेक्टरी ६२५ मिली औषध आणि ५०० लिटर पाणी दिलंय. म्हणजे लिटरला सव्वा मिली, म्हणजे १६ लिटरच्या पंपाला २० मिली. हा हिशोब बांधावर उभं राहून, घाईत, तोंडी करायचा. लेबलाने पत्रकाकडे पाठवलं, पत्रकाने तक्त्याकडे, आणि तक्त्याने भागाकाराकडे. तीन दुवे झाले, आणि शेवटचा तर कुठे लिहिलेलाही नाही. म्हणून लोक काय करतात? बाटलीच्या झाकणाने मोजतात. कुणाला हसू येत असेल तर सांगतो, झाकण हा जास्त चांगला लिहिलेला दस्तऐवज आहे. तो हातात असतो!

तर यातून आम्ही स्वतःपुरता एक नियम केला. कृती करायला जे लागतं ते दुव्यामागे ठेवायचं नाही. दुवा ठेवायचा तो पडताळून पाहणाऱ्यासाठी. पंपाला किती मिली, काय घालायचं, फवारल्यावर किती दिवस शेतात जायचं नाही, चक्कर आली तर काय करायचं, १०८ ला फोन लावायचा, हे वाक्यात. हे आम्ही कुठून घेतलं, कोणत्या परिपत्रकातून, कोणत्या पानावरून, हे दुव्यात. एका बाजूला शेतमजूर, दुसऱ्या बाजूला शंका घेणारा कृषी अधिकारी. दोघांनाही तोच कागद पुरला पाहिजे.

डॉक्टर हा तिसरा वाचक, आणि त्याच्यासाठी बाटली म्हणजेच संदर्भग्रंथ. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषध असेल तर ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम हे उतारे आहेत. पायरेथ्रॉइड असेल तर खास असा उताराच नाही, लक्षणांप्रमाणे उपचार करावे लागतात. दोन-तीन औषधं मिसळलेली असतील तर काय पोटात किंवा श्वासात गेलंय हे कळल्याशिवाय डॉक्टरचे हात बांधलेले. म्हणून आमच्या पत्रकांत एक ओळ आम्ही नेहमी वर ठेवतो : रुग्णाला नेताना बाटल्या सोबत न्या, सगळ्या. हाही दुवाच आहे, फक्त तो रुग्णाबरोबर प्रवास करतो.

आता भाषेकडे येऊ. दुवे कसे लिहावेत याबद्दलचं बरंचसं मार्गदर्शन इंग्रजी वाक्य डोळ्यांसमोर ठेवून झालेलं आहे. मराठी वाक्याची घडण वेगळी, त्यामुळे दुखणीही वेगळी.

पहिलं दुखणं क्रियापदाचं. आपलं क्रियापद शेवटी येतं. सरकारी धाटणीचं एक वाक्य बनवून दाखवतो :

“फवारणी करताना संकेतस्थळावरील (इथे दोन ओळींचा पत्ता) मार्गदर्शक सूचनांमधील परिशिष्ट दोनमध्ये नमूद केलेले संरक्षक साहित्य वापरावे.”

‘करताना’पासून ‘वापरावे’पर्यंत वाचक श्वास रोखून उभा आहे. मध्ये दोन ओळींचा पत्ता. आणि हातात काय पडलं? काहीच नाही, साहित्य कोणतं ते परिशिष्टात. तेच आम्ही असं लिहू : “फवारताना हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बूट घाला.” मग पूर्णविराम, आणि पूर्णविरामानंतर चौकटी कंसात [१]. वाक्य संपलं, सूचना मिळाली, आता कुणाला खात्री करायची असेल तर त्याने जावं.

याहून गंभीर गोष्ट ‘नये’ची. मराठीत मनाई वाक्याच्या अगदी शेवटी येते. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारायला आपल्याकडे बंदी आहे. आता हे वाक्य पहा : “मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर (पहा : अमुक आदेश, तमुक दुवा) वापरू नये.” व्हॉट्सॲपवर लांब मजकूर मध्येच तुटतो आणि खाली ‘अधिक वाचा’ येतं. तो तुटतो कुठे हे आपल्या हातात नाही. ‘भाजीपाल्यावर वापरू’ इथे तुटला तर? अशा वाक्यात दुवा मध्ये घालणं म्हणजे ‘नये’ला आणखी खाली ढकलणं. आम्ही मनाईचं वाक्य पाच-सहा शब्दांच्या वर जाऊ देत नाही आणि त्यात दुवा घालत नाही. दुवा हवाच असेल तर पुढच्या वाक्यात.

दुसरं दुखणं प्रत्ययाचं. ‘तक्ता’ शब्दाला प्रत्यय लागला की ‘तक्त्यात’, ‘तक्त्यानुसार’. शीर्षक ‘तक्ता ३’ आणि वाक्यात ‘तिसऱ्या तक्त्यातील’. मोबाइलवर कुणी ‘तक्ता’ असं शोधलं तर हे वाक्य सापडणारच नाही. अधोरेखित कुठपर्यंत करायचं, ‘तक्त्या’पर्यंत की ‘तील’सकट, यावर आमच्यात एकदा अर्धी दुपार गेली आहे. त्यावरचा उपाय आपल्याकडे आधीपासून होता : ‘पहा’. ‘तक्ता ३ पहा.’ ‘पहा’च्या आधी प्रत्यय लागत नाही, नाव जसंच्या तसं राहतं. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. कुठलाही खंड उघडा, नोंदीच्या शेवटी ‘पहा’ म्हणून संबंधित नोंदींची नावं एका ओळीत मिळतील. मजकुरात एखाद्या शब्दाआधी बाण असतो, म्हणजे या शब्दावर वेगळी नोंद आहे. बाण वाक्य अडवत नाही. ज्याला जायचं तो जातो. संगणकाच्या दुव्याचा गंध नसलेल्या काळात वाईला बसून लोकांनी हे केलं.

जाता जाता, या जिल्ह्याला जवळची एक आठवण. यवतमाळचे य. खु. देशपांडे महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक होते, त्यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ चं. त्या वाङ्मयात चक्रधरस्वामींची वचनं आधी लीळाचरित्रातल्या प्रसंगांत होती. केसोबासांनी ती वेगळी काढून सूत्रपाठ केला. सूत्रं आटोपशीर झाली, पाठ करायला सोपी झाली. पण कुठलं वचन कोणत्या प्रसंगी आलं हे सुटलं, आणि ते सांगण्यासाठी ‘प्रकरणवश’ नावाची वेगळी रचना लागली. मजकूर छाटून आटोपशीर केला की संदर्भाचा वेगळा ग्रंथ करावा लागतो, हे आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वीच्या परंपरेत घडून गेलंय. आम्ही पत्रक छोटं करायला बसलो की आम्हाला हे आठवतं.

आता ‘येथे क्लिक करा’. याबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही सगळ्यांनी ते भोगलेलं आहे. आपलं पत्रक झेरॉक्सच्या दुकानातून कागद होऊन बाहेर पडतं तेव्हा ‘येथे’ म्हणजे कुठे? दृष्टिहीन माणसासाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर दुव्यांची यादी वाचतं तेव्हा ‘येथे, येथे, येथे’ एवढंच ऐकू येतं. आणि आपल्याकडे मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बहुतेक घरातलं पोरगं असतं. झरी-जामणी, मारेगावकडे घरात कोलामी किंवा गोंडी बोलली जाते, शाळेत जाणारी मुलगी मोबाइलवरचं मराठी मोठ्याने वाचते आणि आईला आपल्या बोलीत सांगते. ती ‘येथे’चं भाषांतर काय करणार? म्हणून दुव्याचं नाव म्हणजे तिकडे काय आहे त्याचं नाव : ‘विषबाधेची लक्षणं, पान ४’. पान जरूर लिहायचं. जुन्या मराठी पीडीएफ अशा फाँटात आहेत की त्यात शोध चालतच नाही. ऐंशी पानांच्या फाइलीचा नुसता दुवा देणं म्हणजे ‘गावात विचारा’ म्हणण्यासारखं.

पत्त्यांचं एक खास देवनागरी संकट आहे. संकेतस्थळाच्या पत्त्यात ‘यवतमाळ’ शब्द असला तर ब्राउझरमध्ये तो नीट दिसतो. कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते. का? देवनागरीचं प्रत्येक चिन्ह संगणक तीन बाइटांत साठवतो आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्का अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. य, व, त, म, काना, ळ, सहा चिन्हं. सहा नवे चोपन्न. रोमन लिपीत आठ अक्षरांत भागणारं गाव आपल्या लिपीत चोपन्न जागा खातं. असा पत्ता वाक्यात टाकला की वाक्य मेलंच.

म्हणून मूळ फाइल लिहिताना आम्ही पत्ते वाक्यात ठेवत नाही. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन नावाची साधी लेखनपद्धत काढली, तिच्यात दोन्ही सोयी आहेत : पत्ता शब्दाला चिकटून कंसात द्या, नाहीतर शब्दाला फक्त एक खूण द्या आणि खुणा व पत्ते खाली एकत्र लिहा. छापलेल्या पानावर किंवा संकेतस्थळावर काहीच फरक दिसत नाही. फरक पडतो मूळ मजकूर वाचणाऱ्याला. आमच्याकडे तो वाचणारा म्हणजे मात्रा तपासून देणारे तज्ज्ञ. त्यांना आम्ही साधी फाइल पाठवतो. पहिल्यांदा पत्ते वाक्यात होते तेव्हा ती कंसांच्या जंगलात हरवली आणि एका ओळीत ‘मिली’च्या जागी ‘ग्रॅम’ राहून गेलं. ते आमच्याही नजरेतून सुटलं आणि त्यांच्याही. छापण्याआधी, निव्वळ योगायोगाने, सापडलं. तेव्हापासून पत्ते खाली.

खुणेला आकडा देऊ नका, नाव द्या. मध्ये एक दुवा घातला की सगळे आकडे सरकतात, ‘मात्रा-तक्ता’ हे नाव सरकत नाही. आणि सगळे पत्ते फाइलीच्या तळाशी न ठेवता प्रत्येक भागाच्या शेवटी ठेवा, कारण लोक पूर्ण पत्रक पुढे पाठवत नाहीत, त्यांना हवा तेवढा परिच्छेद उचलतात. तळाशी ठेवले तर परिच्छेद गेला, पत्ते राहिले.

वाचकाला दिसणाऱ्या पानावर आकडे ठेवायला आमची हरकत नाही, पण एका जागी सक्त मनाई आहे : मापाच्या शेजारी. ‘पंपाला २०’ आणि त्याला टेकून वर चढवलेला छोटा ३. कागदावर ठीक दिसतं. तेच कुणी साध्या मजकुरात चिकटवलं की चढवलेला आकडा खाली उतरतो आणि होतं ‘पंपाला २०३’. म्हणून संदर्भाचा आकडा पूर्णविरामानंतर, चौकटी कंसात, आणि आधी रिकामी जागा सोडून.

शासन निर्णयांबद्दल बोललो नाही तर तुम्ही जाऊ देणार नाही. त्यांची पद्धत उलटी : संदर्भांची यादी सगळ्यात वर, आणि मग ‘संदर्भ क्र. २ अन्वये दिलेले आदेश संदर्भ क्र. ४ अन्वये अधिक्रमित करण्यात येत आहेत.’ वाचणारा बोट एका जागी ठेवून नजर वर-खाली करत बसतो. पण एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. निर्णयाच्या शेवटी तारखेने सुरू होणारा एक लांब संकेतांक असतो. संकेतस्थळ बदललं, पत्ता मेला, तरी त्या संकेतांकावरून तो कागद शोधता येतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलं की चांगले पत्ते बदलत नाहीत. आपल्याकडे बदलतात. म्हणून आम्ही पत्त्याबरोबर विभागाचं नाव, तारीख आणि संकेतांक लिहितो. दुवा तुटला तरी माणूस तालुका कृषी कार्यालयात जाऊन नावानिशी मागू शकतो.

आणि दुवे मरतात, त्यामुळे वर्षातून एकदा सगळे उघडून पाहायचे. आम्ही ते मे महिन्याच्या शेवटी करतो, पेरणीच्या धांदलीआधी. ऑगस्ट-सप्टेंबरात फवारणी जोरात असते तेव्हा लोक ही पत्रकं उघडतात, आणि तेव्हा दुरुस्ती करायला आम्हाला वेळ नसतो. गेल्या खेपेला एका पत्रकातले तीन दुवे मेलेले निघाले. मात्रा आणि प्रथमोपचार वाक्यातच होते, त्यामुळे शेतातल्या माणसाचं काही अडलं नसावं. तपासणाऱ्याचं मात्र अडलं असणार.

आता प्रश्न घेऊ. मागच्या टेबलावर काही जुनी पत्रकं ठेवली आहेत, चहा होईपर्यंत बघून घ्या. भिंगही तिथेच आहे.